समुद्रातली पहिली कयाक: पाण्याआधी वारा पाहा

प्रश्न थोडक्यात असा: नवराबायको, दोघंही चाळिशीतले. कयाकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायच्या लांबट, अरुंद होडीत, याआधी कधी बसलेले नाहीत. नवऱ्याला पोहता येतं, पत्नीला येत नाही आणि खोल पाण्याची त्यांना धास्ती आहे. कड्यांच्या कडेकडेने, गुहा बघत जाणारी साडेतीन तासांची सहल आहे, सोबत गाइड आहे, आणि जाहिरातीत ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलंय. जावं का? डबल कयाक घ्यावी की दोन सिंगल? आणि गाइड चांगला आहे हे आपल्यासारख्या अनोळखी माणसाने ओळखायचं कसं?

जा. एवढं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण समुद्राच्या पातळीवर बसून किनारा पाहणं हा अनुभव दुसऱ्या कशातून मिळत नाही. बोटीतून कडा दिसतो तो चित्रासारखा. कयाकमधून तो तुमच्या डोक्यावर असतो, खडकाला चिकटलेले शिंपले हाताच्या अंतरावर असतात आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कपारीत शिरणाऱ्या पाण्याचा श्वास ऐकू येतो. गेली सतरा वर्षं मी नवशिक्यांना समुद्रात नेते आहे आणि पहिल्या भूशिराला वळसा घातल्यावर लोकांचं बोलणं कसं बंद होतं ते दर वेळी पाहते.

पण तुमच्या तीन प्रश्नांतला तिसरा, गाइडचा, मी पहिला घेते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यावर अवलंबून आहेत.

पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण लाटांबद्दल विचारतो. लाट दिसते, आवाज करते, त्यामुळे तिची भीती आपोआप वाटते. मला नवशिक्यांचा गट घेऊन निघताना सर्वांत जास्त धाक असतो तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्रावरून वारा आत येतो तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा वाहतो तो मतलई. रात्रीचा मतलई वारा बहुधा मंदच असतो. पण हवामानाच्या मोठ्या घडामोडींमुळे त्याच दिशेचा जोरदार वारा कधीकधी दिवसभर वाहतो, आणि नवशिक्याला फसवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

तो फसवतो कसा, ते नीट समजून घ्या. वारा जमिनीवरून येत असेल तर कड्याच्या पायथ्याशी आडोसा असतो. तिथलं पाणी तेलासारखं सपाट दिसतं. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला दूरच्या लाटांची पाठ दिसते, तोंड दिसत नाही, त्यामुळे त्याही लहान वाटतात. तुम्ही निघता, कयाक मजेत पुढे सरकते, आपल्याला छान जमतंय असं वाटतं. दोनतीनशे मीटर गेल्यावर कड्याचा आडोसा संपतो आणि वारा पाठीत बसतो. लाटेला वाढायला जितकी मोकळी जागा मिळेल तितकी ती मोठी होते, म्हणजे किनाऱ्यापासून जितकं दूर जाल तितकं पाणी वाईट. परत फिरायचं तर तोंडावर वारा. नवशिका शांत पाण्यात तासाला चार ते पाच किलोमीटर जातो. समोरून तासाला पंचवीस किलोमीटरचा वारा आला की तो वेग निम्म्याच्याही खाली येतो, आणि दहा मिनिटं वल्हवणं थांबवलं की कमावलेलं सगळं परत जातं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की तुमच्या अंगावरचा आणि वल्ह्यावरचा दाब चौपट होतो. म्हणून ‘थोडासाच वाढलाय’ हे वाक्य समुद्रात मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

१९९३च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम खाडीत नेमकं हेच घडलं. शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रीजिसहून शेजारच्या चारमथकडे निघाले होते. अंतर जेमतेम तीनेक किलोमीटर. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि गट फुटला. मुलं आणि दुसरी प्रशिक्षक यांनी कयाक एकमेकींना धरून ठेवल्या, पण वाऱ्याने तो सगळा तराफा समुद्रात ढकलत नेला. लाटांनी एकेक कयाक भरत गेली. बचाव यंत्रणेला खबर जायला फार उशीर झाला. चार मुलं गेली. सहल चालवणाऱ्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आधीच्या वर्षी सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा दिला होता, हेही नंतर पुढे आलं. पुढे १९९५मध्ये ब्रिटनमध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आमच्या व्यवसायात ही घटना माहीत नसलेल्या माणसाने गाइड होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी राक्षसी लाट आली नव्हती. सोपा, छोटा, देखणा रस्ता होता. वारा चुकीच्या दिशेने होता आणि पहिली गडबड झाल्यावर गट एकत्र ठेवता आला नाही.

म्हणून किनाऱ्यावर पोहोचलात की गाइडला एकच प्रश्न विचारा: आज वारा कुठून आहे, आणि आपण परत येताना कुठून असेल? उत्तराची पद्धत पाहा. चांगला गाइड हात करून दिशा दाखवेल, जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर असा रस्ता का निवडलाय ते सांगेल आणि वारा बदलला तर काय करणार हेही त्याच्याकडे तयार असेल. ‘काळजी करू नका, रोज जातो’ हे उत्तर नव्हे. रोज जाणाऱ्यालाच रोजचा वारा वेगळा असतो हे ठाऊक असायला हवं.

वारा तुम्हालाही वाचता येतो. १८०५मध्ये फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याची जी श्रेणी मांडली ती आजही आम्ही वापरतो, कारण तिच्यासाठी यंत्र लागत नाही, पाण्याकडे पाहणं पुरतं. श्रेणी तीनला, म्हणजे तासाला साधारण बारा ते एकोणीस किलोमीटर वाऱ्याला, समुद्रावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागतात. चारला ते सगळीकडे दिसतात. कधीच न बसलेल्या लोकांसाठी माझी मर्यादा तीन आहे, आणि वारा जमिनीकडून असेल तर तीनलाही मी कड्याचा आडोसा सोडत नाही. तुऱ्यांनी समुद्र भरलेला असताना कुणी तुम्हाला ‘जमेल हो’ म्हणत असेल तर पैसे गेले तरी चालतील, माघारी फिरा. सकाळची फेरी मिळत असेल तर ती घ्या. रात्रीचा मतलई वारा ओसरलेला असतो, खारा अजून उठायचा असतो, आणि त्या मधल्या वेळात समुद्र सर्वांत शांत असतो.

मी स्वतः एकदा चुकले ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत सहा जणांना घेऊन निघाले. निघताना वारा पाहिला, पण दीड तासाने भूशिराला वळसा घालण्याआधी थांबून पुन्हा पाहिला नाही. पलीकडे गेलो आणि वारा डोंगराच्या खिंडीतून थेट अंगावर आला. एकाचे हात गळाले. त्याची कयाक दोरीने माझ्या कयाकला बांधून ओढत आणली. सहाशे मीटरला चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ बाकीच्या पाच जणांकडे मी मान वळवून वळवूनच पाहू शकत होते. कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून प्रत्येक भूशिराआधी सगळ्यांना थांबवते, एकटी पुढे जाऊन पलीकडचं पाणी पाहते आणि मग हाक मारते. तुमचा गाइड असं करताना दिसला तर तो वेळ काढतोय असं समजू नका.

वाऱ्याखालोखाल भरती-ओहोटी. पाणी चढायला आणि उतरायला प्रत्येकी सहा तासांच्या आसपास लागतात, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत बारा तास पंचवीस मिनिटं. म्हणूनच भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. मात्र या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने हलत नाही. एकूण चढउताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच हलतं आणि प्रवाहही तेव्हाच सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळं आणखी वाढतं, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीला कमी होतं. भूशिराच्या टोकाशी प्रवाह अरुंद वाटेतून जावा तसा वेग घेतो, आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वारा असेल तर तिथे लाटा उभ्या आणि तोकड्या होतात. हा हिशेब करण्याचं काम गाइडचं आहे. तुम्ही फक्त एवढं विचारा, की जिथे विसाव्याला उतरणार ती पुळण आपण पोहोचू तेव्हा पाण्यावर असेल ना? कड्याखालच्या कितीतरी पुळणी भरतीला नाहीशा होतात. आणि वाटेत आणखी किती ठिकाणी उतरता येईल तेही विचारा. देखण्या किनाऱ्याची अडचण हीच असते: कडा जितका उंच आणि सलग, तितक्या उतरायच्या जागा कमी.

आता त्या भीतीकडे येऊ, कारण ती तुमच्या पत्नींचीच नाही, तुमच्या मनातही असणार. कयाक उलटली तर?

समुद्री कयाक साधारण साडेचार ते साडेपाच मीटर लांब आणि दोन फुटांच्या आत रुंद असते. बसल्याक्षणी ती डुगडुगते. ही डुगडुग म्हणजे उलटण्याची खूण नाही. सायकल जशी थांबलेली असताना डळमळते आणि चालू लागली की सावरते, तसंच इथे असतं. नाक बेंबीच्या रेषेत ठेवा, कंबर सैल सोडा, नजर लांब ठेवा. कंबर ताठ केली की लाटेचा प्रत्येक हेलकावा डोक्यापर्यंत पोहोचतो आणि मग माणूस उलटतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक नवशिके लाटेमुळे उलटलेले नाहीत. मागे वळून जोडीदाराशी बोलताना, फोटो काढायला वल्हं मांडीवर ठेवताना किंवा शेजारच्या कयाकला धरायला हात लांबवताना ते उलटले.

उलटल्यावर आपण आत अडकू, ही कल्पना लोकांना छळते. बसण्याच्या भोकाभोवती पाणी आत येऊ नये म्हणून जे कापड ताणून बसवतात, त्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो. उलटं झालात की पुढे वाकायचं, कपाळ डेकच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूच्या, दिशेने न्यायचं, पट्टा शोधून पुढे ओढायचा, दोन्ही हात कमरेशी लावून कयाक पँटसारखी पायातून काढायची. पाच सेकंदांत डोकं बाहेर येतं. मागे रेलायचं नाही. मागे रेललं की मांड्या आत दाबल्या जातात आणि निघणं अवघड होतं. निघाल्यावर कयाक आणि वल्हं सोडायचं नाही. पाण्यातलं नुसतं डोकं लांबून दिसत नाही, कयाक दिसते, आणि ती तरंगतेही.

स्प्रे स्कर्ट लावून समुद्रात नेणारा गाइड तुम्हाला आधी कमरेएवढ्या पाण्यात हे करायला लावत नसेल, तर ती सहल मला मान्य नाही. सुरुवातीची वीस मिनिटं ओलं होण्यात जाऊ देत. निदान एकदा पट्टा ओढून दाखवायला तरी लावावा, आणि ज्यांना उलटून पाहायचं नाही त्यांना स्कर्टशिवायची कयाक किंवा वर बसायची, सिट-ऑन-टॉप म्हणतात ती उघडी कयाक द्यावी. उघड्या कयाकमध्ये अडकायला काही नसतं. मात्र तिच्यावर वारा जास्त लागतो आणि अंग ओलं राहतं.

पुन्हा आत बसवणं हे गाइडचं काम आहे, आणि ते पाहण्यासारखं असतं. तो तुमच्या कयाकचं पुढचं टोक स्वतःच्या डेकवर आडवं ओढून घेतो, पाणी ओततो, ती सुलटी करून आपल्या कयाकला समांतर घट्ट धरतो आणि तुम्हाला मागच्या डेकवर पोटावर चढायला लावतो. सराव असलेला गाइड हे दोनतीन मिनिटांत करतो. एका गाइडमागे सहा माणसं असतील तर तो हे करतानाही बाकीच्यांवर नजर ठेवू शकतो, आठ झाली की ताण येतो. त्याहून जास्त असतील तर दुसरा गाइड कुठे आहे ते विचारा.

पोहता न येणाऱ्याने जावं का? माझं उत्तर हो आहे, एका अटीवर. कयाकिंगचं लाइफ जॅकेट सामान्यतः ५० न्यूटनचं असतं, म्हणजे साधारण पाच किलोचा उचल देतं. ऐकायला कमी वाटतं, पण पाण्यात माणसाचं वजन जेमतेम काही किलो भरतं, त्यामुळे शुद्धीवरच्या माणसाचं डोकं वर ठेवायला ते पुरतं. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची हमी मात्र त्यात नसते. जॅकेट बसलंय का ते असं पाहा: कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. खालचा पट्टा आधी आवळा, मग वरचे. आणि ते काढायचं नाही, उन्हात उकडलं तरी नाही.

माझी अट अशी. तुमच्या पत्नींनी निघण्याआधी जॅकेट घालून छातीएवढ्या पाण्यात पाय उचलून पाच मिनिटं तरंगून पाहावं. तोंडावर पाणी आलं तर चालतंय का, श्वास जागेवर राहतोय का, ते पाहावं. जमलं तर पोहता न येणं हा अडसर नाही. समुद्रात माणसाला बुडवतो तो बहुधा घाबरून ओढलेला पहिला श्वास. थंड पाण्यात हे आणखी खरं आहे. पाणी पंधरा अंशांच्या खाली असेल तर अंगावर येताच धाप लागते आणि ती थांबवता येत नाही. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी एक-दहा-एकचा हिशेब रूढ केला: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ते दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध जायला सुमारे एक तास. म्हणजे पहिल्या मिनिटात काहीच करायचं नाही, फक्त कयाक धरून श्वास सोडत राहायचा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून कपडे हवेकडे पाहून निवडू नका, पाण्याकडे पाहून निवडा. थंड पाण्याच्या किनाऱ्यावर वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा, ऊब धरून ठेवणारा रबरी पोशाख, न देणाऱ्याकडे जाऊ नका. कोमट पाण्यात लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा कपडा, बांधलेली टोपी, पायात घट्ट बसणारे जुने बूट. सुती कपडे नकोत. प्रत्येकी दीड लिटर तरी पाणी. एवढंच.

गाइडच्या कयाकवर काय आहे, त्यावरून मात्र नजर फिरवा. जादा वल्हं डेकवर बांधलेलं दिसलं पाहिजे. ओढायची दोरी कमरेला किंवा जॅकेटला हवी, डिकीत नको. पाणी उपसायचा पंप, प्रथमोपचार, जादा गरम कपडा. आणि मरीन व्हीएचएफ रेडिओ, ज्याचं सोळावं चॅनेल जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेलं आहे. कड्याच्या पायथ्याशी मोबाइलचा सिग्नल बहुतेक वेळा जातो. शिवाय आपण कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परतलो नाही तर कुणी कुणाला कळवायचं, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला ठाऊक असलंच पाहिजे. विचारा आणि त्या माणसाकडे बोट दाखवायला सांगा.

वल्हवण्याबद्दल थोडं. नवशिके हाताने ओढतात आणि अर्ध्या तासात दंड भरून येतात. वल्हं पायाच्या बोटांच्या रेषेत पाण्यात बुडवा, त्याच बाजूच्या पायाने आतल्या आधाराला रेटा द्या, धड वळू द्या आणि कमरेच्या रेषेत आलं की पातं बाहेर काढा. कमरेच्या मागे ओढत राहिलात तर कयाक पुढे जात नाही, नुसती वळते. पकड सैल ठेवा. मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येतो, आणि मनगट त्याहून जास्त दुखतं. निघताना एकदा पाहून घ्या की पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे आहे. दहातले तीनचार जण उलटं धरून निघतात आणि कयाक जड आहे म्हणतात. कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून शिकारी ती स्वतःच्या अंगाच्या मापाने बनवत. तुमच्या वाट्याला तयार कयाक येणार, पण पायाचे आधार पुढेमागे सरकवून ती तुमच्या मापाची करता येते. गुडघे किंचित वाकून बाजूंना टेकले पाहिजेत. गाइड ते न पाहता निघाला तर तुम्ही थांबवा. पुढचे तीन तास त्या पाच मिनिटांवर अवलंबून आहेत.

कड्याजवळ गेलात की पाणी वेगळं वागतं. येणारी लाट कड्यावर आपटून परत फिरते, दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि पाणी एकाच जागी वरखाली उसळतं. त्यात पुढे जात राहिलं तर काही होत नाही. थांबून कॅमेरा काढला की मळमळतं आणि तोलही जातो. मी गटाला कड्यापासून तीनचार कयाकच्या लांबीएवढ्या अंतरावर ठेवते. वारा नसलेल्या दिवशीही दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा येत असतात, आणि त्या गटागटाने येतात: बराच वेळ लहान, मग तीनचार मोठ्या. पाण्याखालच्या एखाद्या खडकावर पाच मिनिटं काहीच दिसत नाही आणि मग अचानक लाट फुटते. पाण्यावर एखाद्या जागी फेसाचा फिकट डाग रेंगाळलेला दिसला तर त्यापासून दूर राहा, तिथे नुकतंच काहीतरी फुटलेलं असतं.

गुहेचा मोह सगळ्यांना असतो, मलाही आहे. आत गेल्यावर पाण्यावरून उजेड उलटा छतावर पडतो, तो पाहण्यासाठी मी अजूनही जाते. पण आधी बाहेर थांबून मोठ्या लाटांचा एक पूर्ण गट जाऊ द्यायचा, गाइडने एकट्याने आत जाऊन पाहायचं, मग एका वेळी एकच कयाक, आणि तीही उलटी, मागचं टोक आधी. म्हणजे तोंड समुद्राकडे राहतं, येणारी लाट दिसते आणि बाहेर पडायला वळावं लागत नाही. डोक्यावर हेल्मेट हवं. तुमच्या सहलीत गुहा आहेत आणि हेल्मेट नाहीत असं दिसलं, तर गुहा बाहेरून पाहा. कड्यावर पक्ष्यांची घरटी असतील किंवा खडकावर सील पहुडलेले असतील तर किमान ५० ते १०० मीटर लांबून जा. सीलने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात.

उतरताना एकच गोष्ट कधीही करू नका: कयाक आणि किनारा यांच्या मध्ये उभं राहू नका. पाण्याने भरलेली कयाक दीडदोनशे किलोंची होते, आणि मागून आलेली गुडघाभर लाटही ती तुमच्या पायांवर आणून आदळते. नेहमी समुद्राच्या बाजूला किंवा टोकाशी उभं राहायचं.

डबल की सिंगल? तुमच्या बाबतीत डबल. ती रुंद असते, जास्त स्थिर असते, आणि एकाचे हात थकले तरी दुसरा तिला चालू ठेवतो. जास्त वजनाचा माणूस मागे बसतो. सुकाणूचे पाय-पट्टे मागच्याकडे असतात, ताल मात्र पुढचा ठरवतो. नवराबायकोंच्या डबलमध्ये जे वाद होतात ते जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतात: मागचा माणूस स्वतःच्या वेगाने वल्हवतो, दोघांची वल्ही हवेत एकमेकांवर आपटतात आणि तो पुढच्याला जोर लावायला सांगू लागतो. तुम्ही मागे बसणार असाल तर त्यांच्या पाठीकडे पाहून त्यांच्याच तालावर वल्हवा, तो तुम्हाला कितीही संथ वाटला तरी. दिशा तुमच्याकडे, वेग त्यांच्याकडे, हे निघण्याआधीच ठरवून टाका. तोटा एकच: डबल उलटली तर तिच्यातलं पाणी काढणं जड जातं. म्हणून गाइडने डबल पाण्यात सुलटी केली आहे का, हे विचारून घ्या.

आणि तुमच्या पत्नींना पाण्याची धास्ती आहे हे सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर सांगू नका, आरक्षण करतानाच फोनवर सांगा. मला ते आधी कळलं तर मी तयारी वेगळी करते. अशा माणसाला मी बाकीच्यांच्या अर्धा तास आधी बोलावते. आम्ही दोघी जॅकेट घालून नुसत्या पाण्यात उभ्या राहतो, मग तरंगतो, मग रिकामी कयाक धरून हलवून पाहतो. लाटा मोजतो. कधीकधी त्या अर्ध्या तासाच्या शेवटी समोरची बाई म्हणते, आज नको. मग आज नको. पैसे परत करते आणि पुढच्या शांत सकाळी बोलावते. ज्या येतात त्यांची कयाक मी पहिला तासभर माझ्या उजव्या हाताला, वल्हं पोहोचेल इतक्या जवळ ठेवते आणि रस्ता असा निवडते की पहिल्या वीस मिनिटांत एका पुळणीवर उतरता येईल. तिथे कुणी न बोलता परत फिरू शकतं. असा थांबा तुमच्या सहलीत आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्या, आणि तो आहे हे पत्नींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.